घर कोणत्या सालचें?

गेल्या महिन्यांत मला गांवाकडून एक पत्र आलें. कृष्णाकांठच्या त्या गांवीं आमच्या घराण्याचा एक वाडा आहे. आम्ही भावंडें पोटापाण्याच्या निमित्तानें चहूंकडे पांगलों. वाड्यांत सांजवात लावावयासहि कोणी उरलें नाहीं, तेव्हां तो गांवांतील इतिहासप्रेमी गृहस्थांनीं चालविलेल्या एका मंडळाच्या स्वाधीन केला. मंडळी उत्साही आहेत, निःस्वार्थी आहेत, आणि जुन्या वस्तूंविषयीं त्यांच्या मनांत खरी आस्था आहे. त्यांनीं दुरुस्तीचे नकाशे करविले आणि मला कळविलें कीं, वाडा मूळच्या पेशवाई स्वरूपांत आणण्याचें ठरलें आहे, त्यासाठीं वरची माडी उतरवावी लागेल, आणि घरच्या माणसाची त्यास लेखी संमति हवी.

ही माडी माझ्या आजोबांनीं चढविली. मंगळुरी कौलांचें छप्पर, लांकडी कठडा, आणि चढतांना कुरकुरणारा एक अरुंद जिना. माझी आजी आयुष्याचीं अखेरचीं अकरा वर्षें त्या माडीवर राहिली, आणि तेथूनच तिनें सारें घर चालविलें. पेशवाईशीं माडीचा कांहीं एक संबंध नाहीं, हें मला मान्य आहे. तरीहि संमतीचें पत्र लिहावयास बसलों आणि पहिल्या ओळीनंतर लेखणी अडली.

ती केवळ आजीच्या मायेनें अडली असती, तर तें माझें घरगुती दुःख झालें असतें. नभोवाणीवरून तें आपणांस ऐकविण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु लिहितां लिहितां मला एका दुसऱ्याच घराची आठवण झाली. कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं तें मीं पाहिलें होतें. आमच्या मंडळापुढें आज जो प्रश्न उभा आहे, नेमका तोच त्या घराच्या मंडळापुढें १९०७ सालीं उभा होता. त्यांनीं त्याचें एक उत्तर दिलें, आणि त्या उत्तराचे बरेवाईट परिणाम शंभरांहून अधिक वर्षें लोकांच्या डोळ्यांपुढें आहेत. त्या घराची हकीकत मी आज सांगणार आहें.

बॉस्टनच्या उत्तर टोकाला नॉर्थ एंड नांवाची जुनी वस्ती आहे. रस्ते अरुंद, घरें विटांचीं, चार-पांच मजल्यांचीं, तळमजल्यावर इटालियन खानावळी आणि मिठाईचीं दुकानें. पायवाटेवर एक तांबडी रेघ आंखलेली आहे. ती धरून चाललें म्हणजे शहरांतील ऐतिहासिक स्थळें एकामागून एक पाहण्यास मिळतात. त्या रेघेवरून जातां जातां नॉर्थ स्क्वेअर नांवाच्या लहानशा चौकांत मी येऊन पोंचलों, आणि विटांच्या उंच घरांमध्यें अंग चोरून बसल्यासारखें एक काळपट लांकडी घर दिसलें. घर दुमजली. वरचा मजला खालच्याहून जरा पुढें आलेला, छप्पर चांगलेंच उतरतें, आणि खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांत बसविलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या लहान लहान कांचा. खरें सांगावयाचें तर माझी निराशाच झाली. आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकीं सोनाराचें घरहि याहून मोठें असतें, असें मनांत आलें. आणि गंमत अशी कीं, तें घर एका सोनाराचेंच होतें.

त्याचें नांव पॉल रिव्हियर. सोनार म्हणजे मुख्यत्वें चांदीचा कारागीर. बाप फ्रान्समधून आलेला, त्यानेंहि हाच धंदा केला. रिव्हियर चांदीचे चहाचे संच घडवी, तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरी, अडल्यानडल्यांना खोटे दांत तारेनें बांधून देई, आणि उतारवयांत त्यानें घंटा ओतण्याचा व तांब्याचे पत्रे लाटण्याचा कारखानाहि काढला. परंतु अमेरिकेंतील शाळकरी मुलांना तो ठाऊक आहे तो एका रात्रीच्या दौडीमुळें. १७७५ सालच्या एप्रिलच्या १८ तारखेस रात्रीं, इंग्रजी फौज बॉस्टनबाहेर पडत आहे ही खबर घेऊन तो नावेंतून नदीपार झाला, आणि उसन्या घोड्यावरून लेक्सिंग्टनपर्यंत गांवोगांव लोकांना जागें करीत गेला. त्याच कामगिरीवर दुसऱ्या वाटेनें निघालेला डॉझ नांवाचा आणखी एक स्वार होता. पुढें काँकर्डच्या वाटेवर रिव्हियर पकडला गेला. काँकर्डला खबर पोंचविली ती प्रेस्कॉट नांवाच्या तिसऱ्याच माणसानें. पण १८६० सालीं कवि लाँगफेलो यानें या दौडीवर काव्य लिहिलें तें एकट्या रिव्हियरच्या नांवानें, आणि बाकीचे दोघे अंधारांत राहिले. हें मी मुद्दाम सांगत आहें. कारण तें काव्य झालें नसतें तर रिव्हियरचें नांव बॉस्टनबाहेर फारसें गेलें नसतें, आणि नांव गेलें नसतें तर तें घर वांचलेंहि नसतें. घरें कधीं कधीं विटालांकडावर उभीं नसतात. एखाद्या कवितेच्या आधारावर उभीं असतात.

आतां घराचें आयुष्य पाहूं. १६८० च्या सुमारास तें बांधलें गेलें. त्याच जागीं पूर्वीं एका धर्मोपदेशकाचें घर होतें, तें १६७६ च्या आगींत जळालें. नव्या घराचा पहिला मालक रॉबर्ट हॉवर्ड नांवाचा श्रीमंत व्यापारी. गुलामांच्या क्रयविक्रयांतहि त्याचें अंग होतें. म्हणजे जें घर पुढें स्वातंत्र्याचें तीर्थक्षेत्र झालें, त्याच्या पायांत हा पैसाहि आहे. नंतर मालक बदलले. अठराव्या शतकाच्या मध्याला कोणा एका मालकानें पुढच्या बाजूचें छप्पर उंच करून वर तिसरा मजला चढविला. १७७० सालीं तें घर रिव्हियरनें घेतलें तेव्हां त्याचें वय पस्तीस होतें. दोन बायकांपासून त्याला एकंदर सोळा मुलें झालीं. सारीं एका वेळीं घरांत नव्हतीं; त्या काळीं मुलें जगण्याची शाश्वतीहि नव्हती. तरी त्या खोल्यांतून नेहमीं पांच-सात मुलांचा गलका चाले असें धरावयास हरकत नाहीं. १८०० सालीं त्यानें घर विकलें.

पुढचीं शंभर वर्षें घराला कोणी मोठें नांव नाहीं. खलाशी आणि नव्यानें अमेरिकेंत उतरलेलीं गोरगरीब कुटुंबें तेथें भाड्यानें राहूं लागलीं. आधीं आयरिश, मग पूर्व युरोपांतील ज्यू, मग इटालियन, अशा नव्या रहिवाशांच्या लाटा त्या वस्तींत एकामागून एक आल्या. रिव्हियरच्या घराच्या तळमजल्यावर कधीं गोळ्या-मिठाईचें दुकान लागलें, कधीं विड्यांचा कारखाना चालला, कधीं एक लहानशी पेढी होती, तर कधीं फळें आणि भाजीपाला विकला जाई. त्या काळची छायाचित्रें उपलब्ध आहेत. तिमजली, अंगावर दुकानांच्या पाट्या मिरविणारें, रस्त्यावर ओट्यासारखें उघडलेलें असें तें घर आहे. आणि मला विचाराल तर त्या छायाचित्रांतलें घर आजच्या घराहून अधिक जिवंत दिसतें.

घर पडावयाच्या बेतांत होतें. बॉस्टनच्या लोकांना अशा प्रसंगाचा एक कडू अनुभव होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पहिली सही करणारा जॉन हॅनकॉक याचा दगडी वाडा १८६३ सालीं सर्वांच्या देखत पाडला गेला होता. ती हळहळ शहराच्या मनांतून गेली नव्हती. १९०२ सालीं रिव्हियरच्या पणत्वानें, जॉन रेनॉल्ड्स यानें, घर पाडलें जाऊं नये एवढ्याचसाठीं तें विकत घेतलें. पुढील चार-पांच वर्षांत वर्गण्या गोळा झाल्या आणि घर संभाळण्यासाठीं पॉल रिव्हियर स्मारक मंडळ उभें राहिलें. दुरुस्तीचें काम जोसेफ एव्हरेट चँडलर या वास्तुशिल्पज्ञाकडे सोंपविण्यांत आलें, आणि १९०८ च्या एप्रिलांत घर लोकांना खुलें झालें. अमेरिकेंत संग्रहालय म्हणून उघडलेल्या अगदीं पहिल्या कांहीं घरांपैकीं तें एक आहे. मंडळ अजून चालू आहे, आणि घराची व्यवस्था आजहि तेंच पाहतें. सरकार नव्हे, नगरपालिका नव्हे. त्या गांवच्या लोकांचें मंडळ.

येथपर्यंत सर्व गोड झालें. आतां अडचणीची गोष्ट येते.

चँडलरनें तिसरा मजला उतरविला. त्याला आणि मंडळाला तें घर सतराव्या शतकाच्या अखेरीस जसें होतें तसें दाखवावयाचें होतें. त्या काळच्या लांकडी घरांपैकीं बॉस्टनच्या मध्यवस्तींत जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें. हें घर त्या भागांतील सर्वांत जुनें ठरलें आहे. तेव्हां सतरावें शतक दाखविण्याची ही एकुलती एक संधि होती, असें त्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. दुकानें गेलीं, पाट्या गेल्या, वरचा मजला गेला, शंकरपाळ्याच्या कांचा आल्या. परंतु रिव्हियरनें घर घेण्यापूर्वींच तिसरा मजला झालेला होता. १७७५ च्या त्या रात्रीं तो ज्या दारांतून बाहेर पडला, त्या दाराच्या वर तीन मजले होते. आज जें दुमजली घर रिव्हियरचें घर म्हणून आपण पाहतों, त्या स्वरूपांत रिव्हियरनें तें कधींहि पाहिलें नाहीं.

हें मला कळलें तेव्हां मी घराच्या मागील अंगणांत उभा होतों. तेथें रिव्हियरच्या कारखान्यांत १८०४ सालीं ओतलेली सुमारें साडेनऊशें पौंड वजनाची एक घंटा ठेवलेली आहे. त्या घंटेकडे पाहत मी मनाशीं म्हणालों कीं, एवढ्या भल्या माणसांनीं भलत्याच माणसाचें घर कसें बरें उभें केलें? स्मारक सोनाराचें, आणि घर त्या गुलामांच्या व्यापाऱ्याचें!

पुढें शांतपणें विचार केल्यावर माझा राग कांहींसा निवळला. कोणतेंहि जुनें घर दुरुस्त करावयास घेतलें म्हणजे कोणतें तरी एक साल धरावें लागतें, निदान त्या पिढीला तसें वाटत होतें. तिमजली घर तसेंच ठेवून त्यांनीं १७७५ दाखविलें असतें, तर १६८० झांकलें गेलें असतें. १६८० दाखविलें म्हणून १७७५ गेलें. आणि दोहोंपैकीं कोणतेंहि साल धरलें तरी इटालियन भाजीवाला गेलाच असता. त्याची बाजू घेणारा त्या सभेंत कोणी नव्हता. आजचे इतिहासकार येथें एक बोचरी गोष्ट दाखवितात. त्या काळच्या जुन्या बॉस्टनकर घराण्यांना आपल्या शहरांत लोटणाऱ्या परक्या लोकांची धास्ती वाटत होती, आणि जुनीं घरें जुन्या वळणावर नेण्यांत त्या धास्तीचाहि भाग होता. मला हें पटतें. घरावरचे थर खरवडतांना आपण कोणाचा थर खरवडतों, हें पाहणें अवश्य असतें. सगळ्यांत आधीं जातो तो गरिबाचा थर, आणि त्याच्या मागोमाग बहुधा बायकांचा.

या प्रश्नावर युरोपांत पूर्वींच रण माजलें होतें. इंग्लंडांत रस्किननें १८४९ सालींच असें मत मांडलें होतें कीं, जुन्या इमारतीचें पुनरुज्जीवन म्हणजे तिचा नाशच होय. विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक मंडळ काढलें. जुन्या देवळांच्या भिंतींवरचे गिलावे खरवडून त्यांना कोरें करण्याची जी टूम निघाली होती, तिला त्याचा विरोध असल्यामुळें त्या मंडळाला खरवडीचे शत्रु अशा अर्थाचें टोपणनांव मिळालें. इमारतीला रोजची डागडुजी करा, गळतें तें थांबवा, कललें त्याला टेकू द्या. पण तिला तरुण करूं नका, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. हें ऐकावयास सोपें आहे. परंतु दुरुस्तीला वर्गणी मिळते ती 'मूळ स्वरूप' या शब्दावर. पन्हळ बदलण्यासाठीं वर्गणी कोण देतो?

रिव्हियर मंडळाच्या कामांत विल्यम समनर ॲपलटन नांवाचा एक तरुण चिटणीस होता. पैसे जमविण्यांत त्यानें पुष्कळ खटपट केली. पुढें १९१० सालीं त्यानें न्यू इंग्लंड या सबंध प्रांतांतील जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठीं वेगळी संस्था स्थापिली. ती आज दुसऱ्या नांवानें चालू आहे. जुन्या घरांना शक्य तितका कमी हात लावावा, आणि लावावयाचाच तर तत्पूर्वीं त्याचीं छायाचित्रें, मापें आणि टिपणें करून ठेवावींत, या गोष्टीवर पुढें त्याचा कटाक्ष राहिला. पाडलेल्या घरांचे दरवाजे, चौकटी, कागदाचे तुकडेसुद्धां तो जमा करी. १९४७ सालीं वारेपर्यंत त्यानें दुसरा उद्योग असा केला नाहीं.

१९१० हें साल ऐकून पुण्याच्या श्रोत्यांना कांहीं आठवलें असेल. त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकारानें भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. दोन्ही घटनांचा एकमेकींशीं संबंध नाहीं. पण दोन्हींच्या मुळाशीं डोळ्यांदेखत नाहींसें होत चाललेलें वांचविण्याची एकच तळमळ होती. फरक इतकाच कीं, आपण कागद वांचविले आणि त्यांनीं घरें. वाईस मिळालेल्या कागदांवरून राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, आणि रुमालांतले कागद हुडकण्याची एक परंपराच आपल्याकडे सुरू झाली. ज्या माजघरांत आणि ज्या माळ्यांवर ते रुमाल पडून होते, त्या माजघरांचें पुढें काय झालें हें मात्र फारसें कोणी टिपून ठेवलें नाहीं. राजवाड्यांना मी दोष देत नाहीं. ते एकटे किती करणार? परंतु कागदाला वाळवी लागूं नये म्हणून जपणारा समाज तुळईला लागलेल्या वाळवीकडे काणाडोळा करतो, हें खरें आहे.

बॉस्टनच्या उत्तरेस सुमारें तीस मैलांवर इप्स्विच नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. त्या गांवीं टॉमस फ्रँकलिन वॉटर्स नांवाच्या एका धर्मोपदेशकाच्या पुढाकारानें ऐतिहासिक मंडळ निघालें होतें. त्या मंडळानें १८९८ सालीं व्हिपल नांवाच्या घराण्याचें मोडकळीस आलेलें घर विकत घेऊन दुरुस्त केलें. १९२७ सालीं तर त्यांनीं तें घरच्या घर मूळ जागेवरून हलविलें, आणि गांवांतील १७६४ सालच्या दगडी पुलावरून नदीपलीकडे नेऊन ठेवलें. लांकडी सांगाड्याचीं घरें अशीं चालूं शकतात. आमच्या वाड्याला हें सुख नाहीं. तर हें घर सोळाशें चाळीसच्या सुमाराचें, अशी मंडळाची फार वर्षांची समजूत होती. गांवची वसाहत १६३३ ची; तेव्हां घर अगदीं पहिल्या पिढीचें ठरत होतें, आणि त्याचा गांवाला अभिमान होता.

अलीकडे लांकडावरून वय काढण्याची एक विद्या निघाली आहे. झाडाच्या खोडांत दरवर्षीं एक वलय वाढतें. पावसाच्या चांगल्या वर्षीं रुंद, अवर्षणांत अरुंद. एका प्रदेशांतल्या झाडांत या रुंद-अरुंद वलयांची रांग सारखीच उमटते. म्हणून तुळईला बारीक भोंक पाडून, पेन्सिलीएवढी सळई काढून तींतलीं वलयें मोजलीं, आणि त्या प्रदेशाच्या आधीं तयार केलेल्या वलयांच्या कोष्टकाशीं तीं जुळवून पाहिलीं, तर झाड कोणत्या वर्षीं तोडलें तें सांगतां येतें. मात्र सालीलगतचें शेवटचें वलय शाबूत पाहिजे. त्या काळचे सुतार लांकूड ओलें असतांनाच तासून बसवीत, तेव्हां तोडल्याचें वर्ष तेंच बहुधा बांधल्याचें वर्ष, किंवा फार तर पुढचें. व्हिपल घराच्या तुळयांनीं उत्तर दिलें: पहिला भाग १६७७, दुसरा १६९०. घर एका फटक्यासरशीं सदतीस वर्षांनीं लहान झालें! मंडळानें काय केलें? पाटी बदलली. मला विचाराल तर त्या मंडळाच्या साऱ्या कारकीर्दींत घर नदीपार नेण्याहूनहि हें काम अवघड होतें. आपल्या देवळाचें किंवा वाड्याचें वय सदतीस वर्षांनीं उतरविण्यास तयार होणारें मंडळ आपल्याकडे मला दाखवावें. मी त्याचा आजीव सभासद होईन.

रिव्हियरच्या घराविषयींहि सांगावयाचें तें हेंच. तिसरा मजला काढल्याची गोष्ट मंडळ लपवीत नाहीं. चँडलरनें काय काढलें आणि घराला कोणतें स्वरूप दिलें, हें तें स्वतः सांगतें. खालची खोली त्यांनीं पहिल्या मालकाच्या काळासारखी सजविली आहे आणि वरच्या खोलींत रिव्हियरच्या कुटुंबाच्या वस्तु ठेवल्या आहेत; म्हणजे जिना चढतांना पाहुणा सुमारें शंभर वर्षें ओलांडतो. घराच्या सांगाड्याचा नऊदशांश भाग आजहि मूळचाच आहे असें मंडळ म्हणतें. दोन दारें, तीन खिडक्यांच्या चौकटी, कांहीं तक्तपोशी आणि वासे यांचा त्यांत समावेश होतो. शेजारचें १७११ च्या सुमाराचें विटांचें घर १९७० सालापासून त्याच मंडळाच्या ताब्यांत आहे. आणि ज्या भाडेकऱ्यांना १९०७ सालीं विसरण्यांत आलें, त्यांची हकीकत मंडळ आतां आवर्जून सांगूं लागलें आहे. गेलेला मजला परत येत नाहीं, पण तो होता एवढें तरी सांगतां येतें.

एक गोष्ट मात्र मला त्या घरांत सर्वांत अधिक भावली, आणि ती कोणत्याहि पाटीवर लिहिलेली नव्हती. लांकडी घर तीनशें चाळीस वर्षें टिकतें तें कशावर? लांकडांतील ओल सुमारें वीस टक्क्यांच्या वर जाऊन तेथेंच राहिली कीं त्याला बुरशी धरते आणि तें कुजूं लागतें. कोरडें राहिलें तर शतकें टिकतें. सारें रहस्य एवढेंच. छप्पर गळूं न देणें, पन्हळी साफ ठेवणें, जमिनीलगतच्या लांकडाला पाणी न लागूं देणें, बाहेरच्या फळ्यांना वेळच्या वेळीं रंग देणें, आणि वर्षाकाठीं हजारों पाहुण्यांच्या पायांखालीं तीच ती जुनी जमीन झिजत असते तिच्यावर नजर ठेवणें. उद्‌घाटनाचा दिवस एकच असतो. बाकीचे सारे दिवस पन्हळीचे.

याची शिक्षा मीं घरीं भोगली आहे. आमच्या वाड्याच्या पश्चिमेकडील भिंत चुन्यांतल्या विटांची. पावसाचा मारा त्याच बाजूनें. माझ्या वडिलांनीं, घर पक्कें व्हावें या सद्‌हेतूनें, तिच्यावर बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा दिला. दोन-तीन वर्षें भिंत कशी नवी कोरी दिसली! परंतु चुन्याची भिंत श्वास घेते; आंत गेलेलें पाणी उन्हाळ्यांत बाहेर टाकते. सिमेंटनें तिचें तोंड बांधलें गेलें. बारीक तड्यांतून पाणी आंत शिरे, तें बाहेर पडेना. भिंतींत खोंचलेलीं तुळयांचीं टोकें त्या ओलींत वर्षानुवर्षें राहिलीं, आणि एके श्रावणांत माजघरावरचा कडीपाट खचला. सुतारानें तुळईच्या टोकांत पटाशी घातली ती मुठीपर्यंत आंत गेली. वरून सागवान, आंत भुसा. दीडशें वर्षांत पेंढाऱ्यांना, आगींना आणि भाऊबंदकीला जी तुळई दबली नाहीं, ती आमच्या प्रेमानें कुजली.

म्हणून, श्रोतेहो, माडीचा प्रश्न पुढें आला तेव्हां मीं प्रथम स्वतःलाच विचारलें कीं, आपण आजीसाठीं हट्ट धरीत आहों कीं वाड्यासाठीं? उत्तर संमिश्र आहे, हें कबूल करतों. परंतु मंडळाला लिहावयास माझ्याजवळ त्याहून बळकट मुद्दा आहे. आमच्या वाड्याचें 'पेशवाई स्वरूप' कोणी पाहिलें आहे? त्या काळचा नकाशा नाहीं, चित्र नाहीं, हिशेबाचा कागद नाहीं. माडी उतरविल्यावर तेथें जें छप्पर चढेल तें आजच्या कारागिरानें, दुसऱ्या एखाद्या वाड्यावरून अंदाजानें बांधलेलें असणार. बॉस्टनच्या मंडळानें निदान एक खरा थर दुसऱ्या खऱ्या थरासाठीं काढला. आम्ही खरी माडी काढून तिच्या जागीं तर्क बसविणार. पेशवाईचा तो तर्क पाहावयास येणाऱ्या मुलांना कोण सांगणार कीं, या भागाचें वय मास्तरांपेक्षांहि कमी आहे?

आणि माडी तरी इतकी अनैतिहासिक कां मानावी? मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास काढला. तीं कौलें जहाजांनीं आणि पुढें आगगाडीनें गांवोगांव पसरलीं, तेव्हां सबंध पश्चिम किनाऱ्याच्या आणि देशाच्याहि घरांचीं डोकीं तांबडीं झालीं. प्रत्येक कौलाच्या पोटावर कारखान्याचें नांव उठविलेलें असतें. पेशवाईच्या भिंतींवर ब्रिटिश अमदानींतलें हें छप्पर ज्या दिवशीं चढलें, त्या दिवशीं आमच्या घराण्यांतलें कांहीं तरी बदललें होतें. कोणाला तरी रेल्वेंत, कचेरींत नोकरी लागली होती, आणि गांवाबाहेरून मनीऑर्डर येऊं लागली होती. तो इतिहास वाड्यानें डोक्यावर धरला आहे.

मंडळाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें नाहीं. माडीचें ओझें खालच्या भिंतींना पेलत नाहीं असें त्यांच्या माहितगारानें कळविलें आहे. तसें खरोखरच असेल तर आजीचा विचार बाजूला ठेवावा लागेल, आणि मी ठेवीन. मग प्रथम मापें घ्यावींत, प्रत्येक खणाचीं छायाचित्रें काढावींत, लांकडांवर खुणेचे आंकडे घालावेत, आणि माडी होती असें दाराशीं लिहून ठेवावें. परंतु पश्चिमेच्या भिंतीवरचें सिमेंट काढून पुनः चुना लावल्यावर ती भिंत किती बळ धरते हें दोन पावसाळे पाहिल्यावांचून तो निर्णय करूं नये, असें माझें मत आहे.

हें सर्व मीं पत्रांत लिहिलें. तें लांबलें, आणि मंडळाच्या सभेंत वाचतांना कोणाला डुलकी लागण्याचा संभव आहे, म्हणून शेवटीं मुद्द्याचें तेवढें वेगळें काढलें. संमति तूर्त देत नाहीं. सिमेंट काढण्याचा आणि चुन्याचा खर्च मी सोसतों. माडीचें काय तें दिवाळीनंतर समक्ष येऊन बोलूं; पण मृग लागण्यापूर्वीं कौलें शाकारून घ्यावींत, पश्चिमेची पन्हळ मोकळी करावी, आणि फुटकीं कौलें उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं त्यांतलें नांव उमटलेलें एखादें माझ्यासाठीं काढून ठेवावें.